टपालाने आलेला कौल

दिनांक ९ ऑक्टोबर १९३१, शुक्रवार, सकाळी सव्वासात वाजता बाणकोटच्या खाडीतून आलेली लाँच दासगावच्या धक्क्याला लागली आणि मी उतरलो. विलायतेतील शिक्षण अर्धवट टाकून मी परत आलो होतो. घरी कोणाला कळवले नव्हते. परतण्यास माझ्यापाशी एकच आधार होता: वडिलांचे एक पोस्टकार्ड. त्यावर आमच्या ग्रामदेवतेचा कौल लिहिलेला होता. त्या कौलावर विसंबून मी समुद्र ओलांडला, आणि बोटीवरच्या अठरा दिवसांत जी शंका एकदाही आली नाही ती धक्क्यावर पाय ठेवताना आली. देवीने बोलावले असेल तर मन असे चोरासारखे का झाले आहे, हे मला कळेना.

आता वय झाले. आमच्या भजनी मंडळींनी आग्रह केला म्हणून लिहून ठेवतो. चमत्कार सांगण्याचा हेतू नाही. त्या दिवशी जे घडले ते मला तेव्हा उलगडले नव्हते, आणि आजही पूर्ण उलगडले आहे असे म्हणवत नाही.

आमचे गाव पोलादपूरपासून दोन कोसांवर. वडील तेथील शाळेत मास्तर होते. गावात कोणतेही मोठे काम ग्रामदेवता काळकाईला विचारल्यावाचून होत नसे. गुरव देवीच्या पाषाणाला दोन्ही अंगांनी फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि मग सर्वांनी वाट पाहायची. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला कापड रंगवण्याचे शास्त्र शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली तेव्हाही कौल लावला होता. उजवी पडली आणि मी गेलो. जाताना वडील एवढेच म्हणाले की, अडेल तेव्हा कळवावे, देवीला विचारून उत्तर पाठवीन.

उत्तर इंग्लंडातील एका गिरण्यांच्या शहरात मी एका विधवा बाईंच्या घरी राहत असे. तेथे माझ्याशी कोणी वाईट वागले असे मला म्हणता येणार नाही. वाईट वागले असते तर निदान समजले असते. त्यांचा तिशीचा मुलगा आईने पुढे केलेल्या प्रत्येक कपासाठी तिचे आभार मानी. आईचे आभार मानणारा मुलगा मला प्रथम परका वाटला. पुढे, न मानणारा मी एकटाच असल्याने मला मीच परका वाटू लागलो. एका सहाध्यायाने ‘एखाद्या रविवारी घरी यायला हवे’ असे म्हटले. मी पुढच्याच रविवारी सकाळी नऊ वाजता गेलो. आपल्याकडे गेल्यावर जेवल्याशिवाय उठणे हा यजमानाचा अपमान होतो, म्हणून बसून राहिलो. ते कुटुंब प्रार्थनेला जाऊन आले तरी मी दिवाणखान्यात बसलेलाच होतो. चार वाजता उठलो. दुसऱ्या दिवशी तो सहाध्यायी पूर्वीसारखाच हसून बोलला, मात्र पुन्हा बोलावले नाही. तो रागावला होता की नाही, हे मला वर्षभर कळले नाही. मी तापाने पडलो तेव्हा घरमालकीण बाईंनी रस्सा करून दाराबाहेर ठेवला, दारावर टकटक केली, आणि मी दार उघडेपर्यंत त्या जिना उतरून गेल्या होत्या. आमच्या गावी ताप आला तर अर्धी आळी उशाशी येऊन बसते. मी तो वाडगा उचलला नाही.

अशा मनःस्थितीत मी देवीला प्रश्न पाठवू लागलो. पत्र जाऊन उत्तर येण्यास सहा आठवडे लागत. पोलादपूरचे पोस्टमास्तर प्रत्येक पोस्टकार्ड वाचून मगच पुढे पाठवतात हे सर्वश्रुत होते, म्हणून वडील कार्डावर प्रश्न कधी लिहीत नसत. ‘पत्रातील गोष्ट देवीपुढे घातली. उजवी मिळाली’, किंवा ‘डावी मिळाली’, एवढाच मजकूर. जून महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मी विचारले होते की, या घरात कुत्रा स्वयंपाकघरात फिरतो, भांड्यांना तोंड लावतो. येथेच राहावे की जागा बदलावी? जुलैच्या दहा तारखेला मी दुसरे पत्र टाकले: शिक्षण सोडून परत यावे काय? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कार्ड आले: ‘उजवी मिळाली. देवीच्या शब्दाबाहेर जाऊ नये.’

दहा जुलैला टाकलेल्या पत्राचे उत्तर चार आठवड्यांत येणे शक्य नव्हते. साधी वजाबाकी होती. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती सुटली नाही, कारण त्याला ती सोडवायची नव्हती. मी प्राध्यापकांना वडील आजारी असल्याचे खोटे सांगितले. त्यांनी सहानुभूती दाखवून पाच जानेवारीपर्यंत माझी जागा राखून ठेवली. त्या तारखेला हजर झालो नाही तर शिष्यवृत्ती रद्द होणार होती. मी मात्र पुन्हा न जाण्याच्याच निश्चयाने निघालो होतो.

दासगावहून महाडला पोहोचलो तेव्हा पोलादपूरची सर्व्हिस मोटार भरत आली होती. ड्रायव्हर महाडचाच, दाढीला मेंदी लावलेला, तोंडाळ माणूस होता. माझा कोट पाहून ओरडला, “साहेबांना म्होरं बसवा रे! नायतर विलायत मागं राहील!”

“साहेब कसला? आमच्या मास्तरांचा पोर हाय तो,” असे म्हणत आतून एक हात पुढे आला. तो आमच्या गावचा धोंडू गुरव होता. कापूर आणि उदबत्त्या घेण्यासाठी बाजारात आला होता. त्याने मला शेजारी ओढून बसवले, तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाला आणि मोटार सुटल्यावर विचारले, “सुट्टी लागली काय रे तिकडं?”

“नाही. देवीनं बोलावलं म्हणून आलो, काका. तुम्हीच तर कौल लावलात.”

“मी? कवा?”

“आषाढात. यावं की नाही, म्हणून.”

गुरवाने माझ्याकडे नीट पाहिले. “आषाढात लावला तो कुत्र्याचा. त्या मडमेच्या घरात रहावं की नाय, म्हणून. देवीनं उजवी दिली, म्हटली ऱ्हा. आम्ही हसलो पण तवा. आजवर म्हशीचं विचारलं, बैलाचं विचारलं. देवीला कुत्र्याचं कोणी विचारलं नव्हतं.”

“आणि माझं दुसरं पत्र?”

“दुसरं कुठलं? मला मास्तर काय बोलले नायत.”

ड्रायव्हरचे कान आमच्याकडेच होते. “म्हंजे साहेब कुत्र्याच्या कौलावर आले म्हणा की!” असे तो म्हणाला आणि सारी मोटार हसली. गुरवही हसला. मलाही हसणे भाग होते.  ज्या शब्दावर मी आलो होतो तो शब्द माझ्यासाठी नव्हताच. उलट देवीने त्याच घरात राहा म्हणून सांगितले होते, आणि मी तिचाच शब्द हाती घेऊन ते घर सोडले होते.

पोलादपूरला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. तेथून पायवाट. दोन्ही बाजूंना भाताच्या लोंब्या पोटरीतून बाहेर आल्या होत्या. घरी जाऊन काय सांगावे, की येथूनच मागे फिरून संध्याकाळची मोटार धरावी, काहीच सुचेना. गुरवाने मात्र वाटेतच निकाल लावला. “घरी जायच्या आधी देवीकडं चल. नवा कौल लावू. परत जाऊ की राहू, सरळ विचार. पितृपक्षाचे दिवस हायत, पण आपली आई हाय ती, बोलेल.”

मंदिर गावाच्या अलीकडे, ओढ्याच्या काठी आहे. तेथे एक म्हातारी सकाळपासून गुरवाची वाट पाहत बसली होती. पलीकडच्या वाडीची ठकूबाई. तिची म्हैस दोन दिवसांपूर्वी हरवली होती. गुरव तिला म्हणाला, “म्हातारे, जरा थांब. मास्तरांच्या मुलाचं आधी घेतो. विलायतेचं काम हाय.” ती खांबाला टेकली.

गुरवाने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले: “आई, हे तुझं लेकरू समुद्रापल्याडून आलंय. त्याला परत धाडायचं असंल तर उजवी दे, ठेवायचं असंल तर डावी दे.” आम्ही बसलो. पाकळी पडेना. अर्धा तास गेला. पाण्याने ओली केलेली पाकळी वाळली की पडतेच, असा गुरवाचा आयुष्यभराचा अनुभव. पण त्या दोन्ही वाळून पाषाणाला चिकटूनच राहिल्या. त्याने त्या काढून नव्या लावल्या. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावल्या तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी देवीच्या मुखाकडे पाहत होतो. मनात प्रार्थना अशी नव्हतीच. एकच वाक्य फिरत होते: काहीही सांग, पण सांग.

“काय रे,” म्हातारी मागून म्हणाली, “तिकडं तुला मारतात काय?”

मी वळून नाही म्हटले.

“उपाशी ठेवतात?”

“नाही.”

“मग करतात काय?”

“काहीच करत नाहीत,” मी म्हणालो. माझ्या तोंडून ते तक्रारीच्या सुरात निघाले.

“मग तर बरी माणसं हायत.”

गुरव तिच्यावर खेकसला, “देवीपुढं गप बस की गो!” पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. आणि आता मला वाटते, देवीपुढे त्या वेळी बोलणारी ती एकटीच होती.

ती सांगू लागली. ती मूळची घाटावरची, वाईकडची. नवव्या वर्षी लग्न झाले आणि बापाने घाट उतरवून या वाडीत आणून सोडली. “पयल्या दिवशी ताटात नुसता भात वाढला. मला वाटलं, भाकरी वाढायची राहिली असंल. मी वाट बघत बसले. सासू म्हणते, जेव गो. मी म्हणते, वाढा आधी. सगळी हसली. मी रडले. ह्यांचं बोलणं कळंना, पावसात चार महिने दाराबाहेर पाय टाकता येईना. मला वाटलं ही समदी माझ्यावर रागावलेली हायत.”

“मग?”

“मग पळाले. अर्ध्या घाटात गेले नि दगडावर बसले. वर गेले तर बाप मारील, खाली गेले तर सासू. बसून बसून भूक लागली. खाली आले नि भात खाल्ला.” ती हसली. तिला दात नव्हते. “पोरीला इथं ठेवावी का, म्हणून कोणी देवीला विचारलं नव्हतं रे. उजवी नाय न डावी नाय. आता घरात समदी माझ्या हातची भाकरी खातात. नातसून तर भाताला हात लावीत नाय.”

मी तिला तापाची गोष्ट सांगितली. का सांगितली ते माहीत नाही. ती गोष्ट मी तोपर्यंत कोणालाही सांगितली नव्हती. दारात ठेवलेला वाडगा आणि रिकामा जिना. कोणी जवळ आले नाही, असे मी म्हणालो. ठकूबाई म्हणाली, “तू तिला म्हटला असशील, शिवू नको म्हणून.”

 पहिल्याच आठवड्यात मी त्या बाईंना सांगितले होते की माझ्या भांड्यांना हात लावू नये, माझ्या खोलीत कुत्र्याने येऊ नये, आणि शक्यतो कोणीच येऊ नये. फार नम्रपणे सांगितले होते. त्यांनी ते अक्षरशः पाळले. तापातसुद्धा पाळले. ज्याला मी वर्षभर त्यांची शिष्टपणा, कोरडेपणा, परकेपणा अशी नावे देत होतो, तो माझाच शब्द होता. त्यांनी तो माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने सांभाळला होता.  देवीच्या पाषाणावर दोन्ही पाकळ्या तशाच होत्या.

चौथ्यांदा पाकळ्या लावण्यास गुरव उठला. मी म्हणालो, “नको, काका. ठकूबाईंचं घ्या.”

तिचे गाऱ्हाणे झाले: म्हैस ओढ्याच्या बाजूला असेल तर उजवी दे, रानाच्या बाजूला असेल तर डावी दे. गुरवाने हात मागे घेतला न घेतला तोच उजवी पाकळी खाली पडली. गुरव माझ्याकडे पाहून ओशाळला. “आई झोपलेली नाय,” तो हळूच म्हणाला. “तुझ्याशीच बोलायचं नाय तिला.” म्हातारी तोवर ओढ्याच्या दिशेने चालू लागली होती.

यावर कोणी म्हणेल की पितृपक्षात कोरडी हवा होती, पाकळीला पाणी कमी पडले, किंवा गुरवाचा हात घाबरला. मी वाद घालीत नाही. दोन वर्षांनी पदवी घेऊन परत आलो तेव्हा मुद्दाम त्या वाडीत गेलो. ठकूबाई अंगणात बसली होती. तिला मी आठवलो नाही, म्हैस आठवली. मी विचारले, ओढ्याला सापडली काय? “कुठली! ओढाभर हिंडले. म्हैस आपली रानाकडनं आली नि गोठ्यात उभी.” मी म्हणालो, म्हणजे देवीचा कौल चुकला. तिने माझ्याकडे अडाण्याकडे पाहावे तसे पाहिले. “चुकतोय कसा? मी रानात शिरले असते तर ती आणिक आत पळाली असती. मला वल्ल्या अंगाला धाडली म्हणून ती सुक्यानं घरी आली.”  मलाही देवीने चुकीच्या वाटेनेच पाठवले होते. जो शब्द माझ्यासाठी नव्हता त्याच्यावर मी घरी आलो, आणि घरी आलो म्हणून परत जाऊ शकलो. हा कौल कोणत्या प्रश्नाचा होता, हे मी आता शोधीत नाही.

शाळा आमच्या पडवीतच भरे. घरी पोहोचलो तेव्हा मुले सुट्टीत गेली होती आणि वडील तेथे बसून त्यांच्या पाट्या तपासत होते. मान वर करून म्हणाले, “आलास.” मी नमस्कार केला. आई आतून धावत आली, तिने मला दोन्ही हातांनी धरले आणि काही न विचारता पान वाढायला गेली. मी वडिलांना सर्व सांगितले: कार्ड, वजाबाकी, प्राध्यापकांना सांगितलेले खोटे, मंदिरात न पडलेल्या पाकळ्या. ते ऐकत होते आणि पाटी पुसत होते.

“तुझं दुसरं पत्र मिळालं होतं,” ते शेवटी म्हणाले. “देवीला विचारलं नाही.”

“का?”

“त्यात प्रश्न नव्हता. तू ठरवून लिहिलं होतंस. देवीला नुसती सही करायला कशाला बसवायची?”

 मी विचारले, “तुम्ही मला काही लिहिलंत?”

“लिहिलं. लिहायला वेळ लागला. गणपतीत टाकलं, या वेळी बंद पाकिटात. आता तिकडं पोचलं असेल.”

“काय लिहिलंत?”

“तुझ्या नावाचं आहे. तिकडं जाऊन वाच.”

“अहो, आल्या आल्या त्याला जायचं काय सांगताय!” आई आतून ओरडली. “आधी जेवू दे तरी!”

वडील हसले नाहीत; पण त्यांनी पाटी खाली ठेवली आणि माझ्याबरोबर आत येऊन पाटावर बसले. शाळेच्या वेळेत ते कधी घरात बसत नसत. ते पत्र मी नोव्हेंबरात वाचले. दोन ओळी होत्या. पहिली माझ्यापाशीच ठेवतो. दुसरी अशी होती: ‘थंडीत डोके झाकून बाहेर पडावे.’

देवीपुढे मी त्या दिवशी प्रथमच असा बसलो होतो की मला काय हवे हे मलाच ठाऊक नव्हते. त्यापूर्वीची माझी सारी शरणागती ही उत्तर आधी ठरवून केलेली होती. तिने मौन धरले, हे माझ्यावर तिचे उपकार आहेत. बोलली असती तर मी पुन्हा तिचा शब्द हाती घेऊन स्वतःच्याच मनासारखे केले असते. आता मी कौल लावीत नाही. नमस्कार करतो आणि कामाला लागतो. समजत नाही तेथेही राहता येते, आणि राहिल्यानेच कधीतरी थोडे समजते, एवढेच मला तिच्याकडून मिळाले. ते पुरले.

जेवण झाल्यावर मी दोन पत्रे लिहिली. पहिले प्राध्यापकांना: माझे वडील आजारी नव्हते, क्षमा असावी, जागा अजून देण्याची इच्छा असेल तर मी जानेवारीपूर्वी हजर होतो. दुसरे घरमालकीण बाईंना. त्यास वेळ लागला. तीन कागद फाडले. शेवटी लिहिले की खोली रिकामी असल्यास मला द्यावी, दार बंद ठेवण्याविषयी मी पूर्वी जे बोललो होतो ते मागे घेतो, आणि भारतातून माझ्या नावाने एक पाकीट आले असेल ते परत पाठवू नये, मी ते घेण्यास येत आहे. शाई वाळली. पाचच्या सुमारास मी पोलादपूरपर्यंत चालत गेलो आणि दोन्ही पत्रे पोस्टमास्तरांच्या हातात दिली, दोन्ही बंद पाकिटांत.